भिंतीची जाडी

ओळीतल्या कुठल्याही घरात, कुठल्याही बाईचं कोपर स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटलं, की पहिली शिवी खडूबाईला बसायची. मग ती बाई तिची जुनी मैत्रीण असो, की नुकतीच लग्न होऊन आलेली कुणाची सून. नव्या सुनेला बिचारीला खडूबाई कोण हेसुद्धा माहीत नसे. पण आठवड्याभरात तिचं कोपर सोलवटून निघे आणि मलम लावता लावता सासू सांगे, "ही सगळी चौथ्या घरातल्या बाईची कृपा."

खडूबाई ऐकून घ्यायची. ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता, कारण ते खोटं नव्हतं. आणि तिचं स्वतःचं कोपर तरी कुठे लोखंडाचं होतं? आयुष्यात तिला एकच गोष्ट करून हवी होती. स्वयंपाकघराची मागची भिंत पाडायची आणि अंगणात दोन हात पुढे सरकवून बांधायची. दागिने नकोत, हवापालट नको, दोन हात जागा हवी. एवढ्यासाठी तिने साहेबापासून नवऱ्यापर्यंत आणि नवऱ्यापासून मुलापर्यंत सगळ्यांची मनधरणी केली, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने तिच्या तोंडाला पानं पुसली.

हे दुखणं सुरू झालं लढाईच्या दिवसांत, गोदीत.

गोदी होण्याआधी तिथे नुसता चिखलाचा उतार होता. दोन-तीन सुतार उघड्यावर मासेमारीच्या होड्या बांधायचे आणि संध्याकाळी हत्यारं खांद्यावर टाकून घरी जायचे. लढाई सुरू झाली, सरकारने तो उतार ताब्यात घेतला, आणि बघता बघता समुद्र कुंपणापलीकडे गेला. गावातल्या लोकांना आपलाच समुद्र बघायला फाटकावर पास दाखवावा लागू लागला. शेड उभ्या राहिल्या, क्रेन आल्या, भोंगा आला. भोंग्यावर पोरं उठू लागली, भोंग्यावर चुली पेटू लागल्या. सुरुंग वेचणारी छोटी जहाजं तिथे बांधायची होती, आणि तीही घाईने, कारण बांधून होतात न होतात तोच ती बुडत होती. धडधाकट पुरुष आघाडीवर गेलेले. मग फाटकावर पाटी लागली की बायकाही चालतील. 'चालतील' हाच शब्द होता. लांबडी तो पुढे जन्मभर नाक मुरडून उच्चारायची.

लांबडी म्हणजे खडूबाईची मैत्रीण. ताडासारखी उंच, जीभही तेवढीच लांब. दोघी एकाच दिवशी कामावर लागल्या. खडूबाई तोवर एका शिंप्याकडे कपडे बेतायची. कागद न ठेवता थेट कापडावर कात्री चालवायची, म्हणून तिला आखणीच्या माळ्यावर पाठवलं. लांबडीला पाठवलं ते तिचा हात लांब पोचतो म्हणून.

आखणीचा माळा म्हणजे गोदीतली सगळ्यात मोठी खोली. नुसती लाकडी जमीन, मधे एक खांब नाही. विमानांच्या भीतीने खिडक्यांच्या काचांना काळा रंग फासलेला, वरून दिव्यांच्या रांगा. त्या जमिनीवर अख्खं जहाज काढायचं, लहान करून नव्हे, जेवढ्यास तेवढं. जहाजाची फासळी माणसाच्या तिप्पट उंच असेल, तर रेघही तेवढीच लांब. बायका पायमोजे घालून गुडघ्यांवर सरकत, लवचीक पट्ट्या वाकवून खिळ्यांनी धरत आणि त्यांच्या कडेने खडू ओढत. मग त्या रेघांवरून फर्मे, म्हणजे लाकडी साचे, कापायचे, आणि खाली त्या फर्म्यांवरून लोखंडाचे पत्रे. खडूबाईच्या कानामागे, खिशात, केसांत, सगळीकडे खडू. नाव पडलं ते तिथेच.

माळ्यावरचा मुकादम म्हातारा होता. तो फार बोलत नसे, पण एक वाक्य दिवसातून अनेकदा बोले: रेघ म्हणजे पत्र्याची आतली बाजू. पत्रा रेघेच्या बाहेर बसतो, जाडी नेहमी बाहेर. कारण जहाजाचा पत्रा तळाला जाड असतो, वर पातळ होत जातो. आतली बाजू धरली तरच जहाजाचा आकार एकसारखा राहतो. नव्या बायकांच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागे. एकदा शिरलं की मात्र निघत नसे. खडूबाईला तर स्वप्नातही रेघ दिसली, तर तिच्याबाहेर जाडी दिसायची.

ती तिथे सुखात होती. गुडघे सुजत, डोळे चुरचुरत, पण अख्ख्या गावात एवढी मोकळी जागा दुसऱ्या कुणा बाईच्या वाट्याला नव्हती. सकाळी माळ्यावर पाय ठेवला की ती आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यायची. मुकादम विचारायचा, काय राहिलंय तिकडे? ती म्हणायची, काही नाही, बघून आले.

लग्न तिथेच ठरलं. खालच्या शेडमधला एक फिटर फर्मे न्यायला यायचा आणि गरजेपेक्षा जास्त वेळा यायचा. लग्नानंतर दोघं सासूसोबत एका खोलीत राहिली, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे खोकला आला तर पलीकडून औषध सुचवलं जाई. म्हणून गोदीने कामगारांसाठी घरं बांधायची ठरवल्याची बातमी आली, तेव्हा सगळ्यात आधी नाव घातलं ते यांनी.

घरांचे दोन नमुने होते. नकाशे जेवणाच्या शेडमध्ये भिंतीवर लावले होते. पहिल्या नमुन्यात मागे अंगण नाही, पण स्वयंपाकघर ऐसपैस. दुसऱ्यात अंगण, पुढे चांगली बैठकीची खोली, आणि स्वयंपाकघर बेताचं. एका ओळीत एकच नमुना बांधणार, तेव्हा ओळीतल्या लोकांनी आपसात ठरवून सांगावं, असं साहेबांचं म्हणणं. पुरुषांनी नकाशाकडे बघून माना डोलावल्या. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फिटर सगळ्यांसमोर ऐटीत म्हणाला, माझ्या बायकोला विचारा, तिचा दिवस रेघांतच जातो.

खडूबाईलाही लहान केलेला नकाशा वाचायची सवय नव्हती. ते काम मुकादमाचं. पण तिला एक वाट माहीत होती. तिने दुसऱ्या नमुन्याची मापं उतरवून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत माळ्याच्या एका कोपऱ्यात, जिथे कुठलंच जहाज नव्हतं तिथे, अख्खं घर खडूने काढलं, जेवढ्यास तेवढं. बायका पायमोज्यांनिशी त्या घरात शिरल्या. एकीने बैठकीत पाय पसरले. दुसरी म्हणाली, दार लाव गं, वारा येतोय. लांबडी स्वयंपाकघरात उभी राहून भाजी चिरण्याचं सोंग करू लागली आणि खडूबाई तिच्या मागून पातेलं घेऊन गेली. धक्का लागला नाही.

"पुरतंय की," लांबडी म्हणाली. "दोघी भांडल्या तरी पुरेल."

खडूबाई सगळ्यांना घरोघरी जाऊन सांगून आली: दुसरा नमुना घ्या, मी उभी राहून बघितलंय. ओळीने दुसरा नमुना घेतला.

घरं बांधून झाली आणि सामान हलवायच्या दिवशी खडूबाईने स्वयंपाकघराच्या दारात पाय ठेवला, तेव्हा तिला आधी वाटलं की आपण चुकून कोठीच्या खोलीत आलो. तिने पुढे जाऊन हात लांब केले. दोन्ही तळवे भिंतींना टेकले. भिंती साध्या नव्हत्या. बॉम्ब पडला तरी टिकाव्यात म्हणून काँक्रीटच्या, हातभर जाड. आणि नकाशात मापं धरली होती ती या भिंतींच्या बाहेरच्या कडेपासून. घर बांधणाऱ्यांची तीच रीत होती, त्यांचं काही चुकलं नव्हतं. खडूबाईने मात्र रेघ म्हणजे भिंतीची आतली बाजू धरली होती. जाडी नेहमी बाहेर. इथे जाडी आत आली होती, सगळ्या बाजूंनी, आणि स्वयंपाकघर गिळून बसली होती.

शेजारच्या घरातून लांबडी आली. ती दारातून आडवी होऊन शिरली आणि वळताना तिचं कोपर फडताळाला लागलं.

"अगं, हे स्वयंपाकघर आहे की कपाट?"

खडूबाईने कपाळाला हात लावला. त्याच दुपारी तिने माळ्यावर जाऊन मुकादमाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ हसला आणि मग तिचा चेहरा बघून थांबला.

"जहाजाच्या बाहेर पाणी असतं पोरी," तो म्हणाला. "पाण्याला काय, सरक म्हटलं की सरकतं. घराच्या बाहेर शेजारी असतो. म्हणून घराची जाडी आत."

"हे आधी सांगायचं."

"तू कुठे घर बांधतेस असं म्हणालीस? मला वाटलं तुम्ही बायका खेळताय."

त्यानंतर अर्ज सुरू झाले. पहिल्यांदा ती स्वतः साहेबाकडे गेली. लढाई ऐन भरात होती. साहेबाने मान वर न करता विचारलं की तिकडे समुद्रात पोरं मरताहेत आणि तुम्हाला स्वयंपाकघर लहान वाटतंय का? सिमेंटचं एक पोतं मोकळं नाही. तिला म्हणायचं होतं की ती पोरं ज्या जहाजांवर आहेत त्यांच्या फासळ्या मीच आखते, आणि घरी जाऊन मला नीट उभंही राहता येत नाही. पण साहेबासमोर तिला नेमके असे शब्द कधी सुचले नाहीत. ते सुचायचे घरी भांडी घासताना, आणि मग भांड्यांना पोचे यायचे.

लढाई संपली. गावात घंटा वाजल्या, लोक रस्त्यात नाचले. पुढच्याच महिन्यात माळ्यावरच्या बायकांना चहा पाजून निरोप दिला. नव्या साहेबाने छोटं भाषण केलं. तुम्ही खूप केलंत, म्हणाला, आता पुरुष परत आलेत, तुम्ही घरी जाऊन विश्रांती घ्या. घरी म्हणजे कुठे, तर त्या कपाटात. लांबडी चहाचा पेला ठेवून कुजबुजली, "आता चालत नाही वाटतं आपण."

खडूबाई आता गोदीची कामगार राहिली नव्हती, तेव्हा तिचा अर्जही कुणी घेईना. अर्ज फिटरने करायचा. फिटर माणूस वाईट नव्हता. बायकोवर त्याने कधी आवाज चढवला नाही, घरात कधी रिकाम्या हाताने आला नाही. पण साहेबाच्या दाराशी त्याची जीभ टाळ्याला चिकटत असे. तो सकाळी निघताना म्हणायचा, आज बोलतोच. संध्याकाळी यायचा आणि बुटांच्या नाड्या सोडत राहायचा. नाड्या सोडायला एवढा वेळ लागला, की खडूबाई समजायची.

"बोललात?"

"साहेबांचा मूड नव्हता."

"मूड केव्हा असतो ते विचारून या."

"अगं, बढतीची वेळ आहे. आत्ता भिंतीचं कुठे काढू? हसतील मला. म्हणतील, नकाशा तुझ्याच बायकोने पास केला होता ना?"

ते आलं की ती उठून भांड्यांकडे वळायची. तो मुद्दाम टोचत नसे, पण हे वाक्य त्याच्या हाताशी कायम असायचं, आणि घोडं अडलं की तो ते वापरायचा. सासू तर वापरायचीच. तिने त्या स्वयंपाकघरात एकदाही पाऊल टाकलं नाही. मी मावत नाही, एवढं सांगून ती बैठकीत बसली आणि तिथूनच मीठ कमी पडल्याचं कळवत राहिली.

खडूबाईने मग स्वतःला त्या जागेत बसवलं. करणार काय? फडताळ उलट्या बाजूने लावलं. भिंतीला खुंट्या ठोकल्या, त्यावर फळ्या, फळ्यांवर डबे. काँक्रीट एवढं कडक की खिळे वाकत, फिटरला गोदीतून पोलादी खिळे आणावे लागले. ती जागची न हलता सगळं घेऊ शकत असे. डावीकडे मीठ-साखर, मागे पीठ, डोक्यावर तेल, गुडघ्याशी पाणी. मूल पोटात असताना शेवटच्या महिन्यांत ती आत गेली की वळू शकत नव्हती, उलट्या पावली बाहेर यायची. लांबडी अंगणाच्या भिंतीवरून विचारायची, "काय गं, जहाज गोदीत शिरलं का?" आणि मग दोघी हसायच्या. हसून झाल्यावर लांबडी आपलं कोपर दाखवायची. "हे हसण्यावारी नेऊ नकोस. ही तुझी सही आहे."

गोदीचे दिवस फिरले. आधी फेरीबोटी बांधल्या, मग नुसत्या दुरुस्त्या. मग तर बांधलेली जहाजंच तोडायला आली. लढाईतली ती छोटी जहाजं, जी बुडायची राहिली होती, एकेक करून उतारावर ओढून फोडली जाऊ लागली. फिटर त्या कामावर होता. एकदा जेवता जेवता म्हणाला, आज तुझ्या वेळचं एक उघडलं, फासळ्या इतक्या वर्षांनीही सरळ रेषेत होत्या. त्याला वाटलं बायको खूश होईल.

"जाडी बाहेर होती ना?" ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

त्या काळात तिने पुन्हा धरणं धरलं. आता सिमेंटला तोटा नव्हता. पण आता साहेब म्हणे, गोदी राहते की जाते याचाच भरवसा नाही, भिंती कुठे सरकवता? मग गोदी गेलीच. भोंगा बंद झाला. पहिले काही दिवस अख्खं गाव उशिरा उठलं. मालमत्ता कोर्टात अडकली आणि घरंही तिच्यासोबत. कोर्टाचा माणूस येऊन दारावर शिक्का मारून गेला: निकाल लागेपर्यंत बांधकामात फेरफार करू नये. निकाल लागायच्या आत फिटर वारला. शेवटच्या आजारात तो बैठकीच्या खोलीत पडून असायचा. एक दिवस त्याने हाक मारून विचारलं, आत उजेड पुरतो का गं तुला? तिला इतका राग आला की रडूही येईना. उजेडाचं कधी म्हणणंच नव्हतं.

पुढे कोर्टाने घरं त्यांत राहणाऱ्यांनाच विकून टाकायला सांगितली. आता घर मुलाच्या नावावर झालं. साहेब नाही, कोर्ट नाही, कुणाच्या पाया पडायला नको. खडूबाईने दुसऱ्याच दिवशी विषय काढला. मुलगा बापावर गेलेला. नाही म्हणत नसे, नंतर म्हणत असे. आई, आधी मुलांच्या शाळेचं होऊ दे. आई, आधी छप्पर बघायला हवं, गळतंय. आई, तू एवढी वर्षं काढलीस ना तिथे, मग? आणि सून, दिसायला काडीसारखी, म्हणायची, "राहू द्या आई, मी मावते."

खडूबाईला या सुनेचं हेच आवडत नसे. बाईने मावू नये, असं तिचं स्पष्ट मत झालं होतं.

अशात एका सकाळी सरकारी गाडीतून वारसावाली बाई आली. ओळीने तिचं नाव तेच पाडलं, कारण ती प्रत्येक वाक्यात वारसा म्हणायची. लढाईतल्या गोदीचं आता जवळपास काही उरलं नव्हतं. शेड भंगारात गेल्या होत्या, आखणीचा माळा जळाला होता, उताराच्या जागी हॉटेल झालं होतं. उरली होती ती ही ओळ. तेव्हा ही ओळ जतन करायची, असं वर ठरलं होतं. वारसावाली घरोघर फिरली, आणि घरोघर लोकांनी काही ना काही बदललेलं. कुणी फरशी घातलेली, कुणी जिना काढलेला. लांबडीच्या मुलाने तर दोन खोल्या एक केल्या होत्या, पण स्वयंपाकघर तिथेही तसंच, कारण मुलगा तिकडे जातोय कशाला. मग ती चौथ्या घरात आली, आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. डोळे विस्फारून म्हणाली, "इथे तर काहीच बदललेलं नाही."

"बदलू दिलं नाही," खडूबाई म्हणाली.

"म्हणजे तुम्ही जपलंत. लढाईच्या काळातल्या कामगार स्त्रीचं स्वयंपाकघर, जसंच्या तसं." तिने आत जाऊन फोटो काढायचा प्रयत्न केला, पण मागे सरायला जागा नव्हती. शेवटी खडूबाईला बाहेर काढावं लागलं तेव्हा फोटो निघाला.

जाताना तिने समजावून सांगितलं. पुढच्या महिन्यात जाहीरनामा निघेल. त्यानंतर कुठल्याही भिंतीला हात लावता येणार नाही, आतल्याही आणि बाहेरच्याही. बदल्यात सरकार छपरं नवी घालून देईल, रंग देईल. आणि या घरात शाळेच्या मुलांना आणून स्वयंपाकघर दाखवता येईल, आजींची हरकत नसेल तर.

मुलगा हरखला. छप्पर फुकटात होणार होतं. जेवताना तो आईला म्हणाला, "बघ, शेवटी तुझ्या कामाची कदर झाली."

"माझ्या कामाची नाही, माझ्या चुकीची. ती बघायला शाळेची पोरं येणार. मी जाहीरनाम्याच्या आधी भिंत पाडणार."

"आई, आता? या वयात? तू स्वयंपाक तरी किती करतेस आता? सगळं तर हीच करते."

"म्हणून तर म्हणते. माझं झालं गेलं."

"तिची काही तक्रार नाही. आहे का गं?"

सुनेने मान खाली घातली आणि भात वाढला. मुलाच्या दृष्टीने प्रश्न मिटला. खडूबाईने ताटात हात धुतला आणि तशीच उठली. त्या दिवशी तिला सगळ्यात जास्त चीड कुणाची आली असेल तर या मुक्या पोरीची.

दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर सून आंघोळ करून आली आणि बाह्या वर सरकवून सासूसमोर उभी राहिली. दोन्ही हातांवर कोपरापासून वर जळल्याचे डाग, काही जुने, एक अगदी ताजा. वळताना कढईला हात लागायचा. खडूबाईने तिला इतक्या वर्षांत कधी आखूड बाह्यांत बघितलं नव्हतं, आणि ते आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचा तिला विषाद वाटला.

"बोलली का नाहीस?"

"बोलले होते यांना. म्हणाले, आईने एवढी वर्षं काढली तिथे, तुला काय झालं?" सून म्हणाली. "कोपऱ्यावरच्या घराचं काम चाललंय. गवंड्याला मी सांगून आलेय. येतोय तो."

गवंडी आला. पहिला घाव घातला आणि हातोडा उसळून परत आला. काँक्रीटच्या आत गोदीच्या भंगारातल्या सळया दाटून भरलेल्या. त्याने विचारलं, कोणी बांधली हो ही? लढायला बांधली होती, खडूबाई म्हणाली. त्याला आणखी दोन माणसं आणि मशीन आणावं लागलं. अख्खी ओळ हादरली. फडताळातले कप खुळखुळले. शेजारून लांबडी काठी टेकत अंगणात येऊन खुर्ची टाकून बसली, कानात कापूस घालून, आणि संध्याकाळपर्यंत हलली नाही. बाकीच्या बायका येऊन भांडून गेल्या. तुझ्यापायी आमची छपरं जातील, म्हणाल्या, एकदा बुडवलंस तेवढं पुरे नाही का? मुलगा घरी आला तेव्हा भिंतीच्या जागी अंगण दिसत होतं. तो त्या भगदाडासमोर उभा राहिला, मग आईकडे बघून बायकोकडे बघितलं, आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसला.

ओळीची छपरं गेली नाहीत. जाहीरनाम्यातून चौथं घर तेवढं वगळलं. वारसावाली बाई येऊन गेली. जाताना तिने दाराला पाठ करून डोळे पुसले, असं लांबडीचं म्हणणं. सगळ्या ओळीवर नवी कौलं चढली आणि चौथ्या घरावर जुनी, शेवाळलेली. ती गळतच राहिली. मुलगा महिनाभर आईशी कामापुरतंच बोलला. त्यातही 'बादली कुठेय' एवढंच, गळतीखाली ठेवायला.

नवी भिंत विटांची, पातळ. गवंड्याने ओटा नवा केला, खिडकी काढली. सून दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या जागेत फिरली, वाकली, वळली, मुद्दाम पुन्हा वळली. खडूबाई दारातून बघत होती. मग ती म्हणाली, सर आता, आजचा चहा मी करते.

चहा करायला ती ओट्याशी उभी राहिली आणि साखरेसाठी नेहमीसारखा डावीकडे हात नेला. हाताला हवा लागली. साखर पलीकडच्या फळीवर होती. ती तिकडे चालत गेली, गुडघे कुरकुरले. परत आली तर चहापत्ती खिडकीखाली. दूध आणखी कुठे. एक चहा करायला तिची वरात निघाली. पाणी आटून गेलं, पुन्हा ठेवावं लागलं. शेवटी तिने रिकामं पातेलं मागे न बघता फळीवर ठेवायला हात मागे केला. तिथे आयुष्यभर फळी होती, पाडलेल्या भिंतीवर. पातेलं खाली पडून घरभर घणघणत गेलं.

सून धावत आली. "लागलं का आई?"

"कशाला लागतंय? लागायला आहे काय आता इथे?" खडूबाई म्हणाली. तिने ओट्याला धरून दम घेतला. "हे डबे कुणी ठेवले असे गावभर? मीठ तिकडे, तेल तिकडे. माणसाने स्वयंपाक करायचा की पायपीट करायची?"

"तुम्ही सांगा तिथे ठेवते."

खडूबाईने सगळीकडे नजर फिरवली. कुठे ठेवावं ते तिला सुचेना. एवढ्या जागेत कुठेही ठेवता येत होतं.

"एक स्टूल आण आधी," ती चिडून म्हणाली. "आणि ते पातेलं उचल, पायात येतंय."